फुकट सल्ल्याचं दुकान, रामदासपेठ, नागपूर : पाचपैकी अडीच तारे

हिंगणा एमआयडीसीत एका कारखान्याच्या खरेदी विभागात आहे. हातात महिन्याला ४६ हजार येतात. एवढ्या पगारावर परदेशातलं एमबीए झेपतं का, हे विचारायला रामदासपेठेतल्या एका परदेशी शिक्षण सल्ला केंद्रात तीन शनिवार गेले. नाव लिहीत नाही. पोरं भली आहेत, आणि या धंद्याची तऱ्हाच अशी.

सल्ला फुकट, असं दारावरच लिहिलंय. तो फुकट का, हे कोणी सांगत नाही. प्रवेश झाला की तिकडचं कॉलेज यांना कमिशन देतं. यात चोरी काही नाही, पण मी दोनदा जर्मनी म्हटलं आणि दोन्ही वेळा तिथले सल्लागार साहेब फिरून ब्रिटनवर आले. जर्मनीच्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत मॅनेजमेंटच्या एमएससीला शिकवणी फी नसते (एमबीएला असते, ती गोष्ट वेगळी). फक्त वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो आधी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते अशा खात्यात) दाखवावे लागतात. हे मला ऑफिसातल्या एकाच्या भावाकडून कळलं. केंद्राच्या कपाटात त्याचा साधा कागदसुद्धा नव्हता.

चांगलं ते सांगते. एसओपी, म्हणजे हा कोर्स का करायचा ते सांगणारा अर्जासोबतचा निबंध, बघणारी मुलगी अव्वल. मी सुरुवातीलाच लिहिलं होतं, ‘लहानपणापासून माझं स्वप्न…’ तिने त्यावर सरळ काट मारली. म्हणाली, ‘ताई, तुम्ही कंपनीत काय वाचवलं ते लिहा ना.’ मग मी दोन पुरवठादारांचा माल एकाच ट्रकमधून आणायला लावून भाडं कसं कमी केलं ते लिहिलं. पहिल्यांदाच ते वाचून माझं मलाच बरं वाटलं. अडीचपैकी दोन तारे तिचे.

आता हिशेब. त्यांनी दिलेल्या कागदावर एकच आकडा होता, ब्रिटनमधल्या एमबीएची फी २८,००० पौंड. घरी येऊन जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे पौंड ११८ रुपये धरून मांडलं. फीच ३३ लाख. व्हिसासोबत आरोग्य अधिभार भरावा लागतो, तो एका वर्षाच्या कोर्सला १,१६४ पौंड. लंडनबाहेर राहायचं तरी महिन्याचे १,१७१ पौंड, असे नऊ महिन्यांचे पैसे दाखवायचे. विमानाचं तिकीट न धरता ४७ लाखांच्या घरात गेलं. माझी जमा आणि बाबांची एफडी मोडून सात लाख निघाले, तरी ४० लाखांचं कर्ज. साडेदहा टक्क्यांनी पंधरा वर्षांचा हप्ता बसतो ४४ हजार. परत येऊन हाच पगार मिळाला तर महिना दोन हजारांत काढायचा! कोर्स चालू असताना चढणारं व्याज तर मी धरलंच नव्हतं.

यावर साहेबांचं उत्तर, ‘मॅम, ऐंशी-ईमध्ये टॅक्स वाचतो ना.’ ऐंशी-ई म्हणजे शैक्षणिक कर्जावरची आयकर सूट. ती जुन्या करप्रणालीत, फक्त व्याजावर. मी नव्या प्रणालीत आहे आणि माझ्या पगारावर तशीही कर शून्य.

भिंतीवरच्या पोस्टरवर अजूनही ‘शिक्षणानंतर दोन वर्षं वर्क व्हिसा’ झळकतंय. ब्रिटनमध्ये १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना तो दीडच वर्ष मिळणार. २०२६ च्या सप्टेंबरला जाणारी मी, कोर्स २०२७ मध्ये संपणार, म्हणजे त्यातच सापडते.

पण खरा राग दुसऱ्या गोष्टीचा. ‘कर्जाचं आम्ही बघतो’ म्हणाले, म्हणून निर्धास्त होते. बँकेत गेल्यावर कळलं, माझ्या कॉलेजसाठी साडेसात लाखांपुढे तारण लागेल. बाबांचा मानेवाड्यापलीकडे दीड हजार फुटांचा प्लॉट आहे, गुंठेवारीतला, म्हणजे मंजूर लेआउट नसलेला. मॅनेजरचा पहिला प्रश्न, ‘आरएल आहे का?’ म्हणजे प्लॉट नियमित केल्याचं पत्र. ते नाही. मग गहाण होत नाही. बाबा म्हणाले, ‘काहून गं, तुह्या त्या सायबानं हे आधी नाही इचारलं?’ साहेब पक्के नागपूरचे. नासुप्रचं (नागपूर सुधार प्रन्यासचं) आरएल लेटर म्हणजे काय हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक, त्यांनी मला मात्र घर स्वतःचं आहे का एवढंच विचारलं होतं.

जायचं असेल तर एसओपीपुरतं जा. आकडे घरून मांडून न्या आणि प्लॉटचे कागद आधी बँकेला दाखवा.

परवा पुन्हा मेसेज आला, ‘मॅम, सप्टेंबर इनटेक (सप्टेंबरचे प्रवेश) भरत आलाय.’ तेव्हा बाबा सदरला नासुप्रच्या ऑफिसात प्लॉट नियमित करण्याच्या शुल्काच्या डिमांड नोटची चौकशी करत रांगेत उभे होते.