व्हर्टस जीटी १.५ टीएसआय: दहा महिने, १४,००० किलोमीटर आणि स्टेज १ ची घाई

गाडी: फोक्सवॅगन व्हर्टस जीटी प्लस, १.५ टीएसआय इव्हो, सात गियरचा डीएसजी (आपोआप गियर बदलणारा गियरबॉक्स). वापर: पुणे शहर, आणि महिन्यातून दोन-तीनदा सातारा रोड किंवा कोकण. पेट्रोल बहुतेक वेळा ९५ ऑक्टेनचं. इंजिन आणि ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) कंपनीतून आले तसेच. गाडी बुक करतानाच ज्यांनी स्टेज १ साठी, म्हणजे ईसीयूचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवण्यासाठी, ट्यूनरचं कोटेशन खिशात घालून ठेवलंय, त्यांच्यासाठी हे मुद्दाम सविस्तर लिहिलंय. चाकणलाच बनणाऱ्या स्लाव्हिया, कुशाक आणि टायगुनमध्येही १.५ घेतली तर इंजिन हेच, त्यामुळे खालचं बरंचसं त्यांनाही लागू.

आकडे सगळ्यांना पाठ आहेत. १४९८ सीसी, १५० पीएस, २५० एनएम, आणि तो टॉर्क (इंजिनाची ओढ) १६०० ते ३५०० आरपीएमपर्यंत सपाट. या सपाट टॉर्कमुळेच रन-इन, म्हणजे नव्या इंजिनाला सुरुवातीला जपून चालवणं, बिघडतं. पायाखाली इतक्या लवकर ताकद येते की गियर खाली टाकायची गरजच वाटत नाही.

गाडीसोबत येणाऱ्या मॅन्युअलमधला नियम छोटा आहे. पहिले १००० किमी अ‍ॅक्सिलरेटर तळाला टेकवायचा नाही आणि कमाल आरपीएमच्या दोन तृतीयांशापुढे जायचं नाही. १००० ते १५०० किमीमध्ये दोन्ही हळूहळू वाढवायचं. दोन तृतीयांश म्हणजे या इंजिनाला ४००० धरून चाला. लोक ही वरची मर्यादा पाळतात, पण खालच्या मर्यादेकडे कुणाचं लक्ष नसतं. डीएसजी डी मोडमध्ये मायलेजसाठी गियर फटाफट वर टाकतो. शहरात पन्नासच्या आत पाचवा पडलेला असतो आणि काटा १४००-१५०० वर. तेवढ्यात समोर उड्डाणपुलाचा चढ आला आणि पाय दाबला, की कमी आरपीएम आणि जास्त लोड अशी जोडी जमते. बेअरिंगवर ताण येतो तो इथेच. टर्बो आणि डायरेक्ट इंजेक्शनच्या इंजिनात एलएसपीआय, म्हणजे ठिणगी पडण्याआधीच मिश्रण पेटणं, हा प्रकारही याच पट्ट्यात होतो. नव्या गाडीसाठी ४२०० वर गेलेल्या एका रेव्हपेक्षा पाचव्या गियरमध्ये कण्हत चढवलेला पूल जास्त वाईट.

उपाय सोपा आहे. पहिले दीड हजार किलोमीटर सिलेक्टर मॅन्युअलला ठेवा, पॅडलने गियर बदला, काटा २००० ते ३५०० मध्ये खेळवा. एस (स्पोर्ट) मोड नको, तो सिग्नल सुटल्यावर उगाच वरच्या रेव्हला लटकत राहतो.

पिस्टनच्या रिंगा सिलिंडरशी बसायच्या कशा, याबद्दल दोन टोकांची मतं ऐकू येतात. एक म्हणतो अंड्यावर पाय ठेवल्यासारखी चालवा, दुसरा म्हणतो पहिल्या दिवसापासून पिळून काढा. रिंग सिलिंडरच्या भिंतीला स्वतःच्या ताणाने जेवढी टेकते, त्याहून कितीतरी जास्त टेकते ती तिच्या मागे शिरलेल्या गॅसच्या दाबाने. लोडच दिला नाही तर हा दाब तयार होत नाही. होनिंगच्या, म्हणजे सिलिंडरच्या भिंतीवर मुद्दाम कोरलेल्या, बारीक रेघा झिजून रिंगेशी जुळायच्या ऐवजी त्यांच्यावर ऑइल भाजून काचेसारखा थर बसतो, आणि ते इंजिन पुढे ऑइल खात राहतं. दुसरीकडे पूर्ण लोड दिला तर नव्या पृष्ठभागांवर उष्णता एका जागी साठते. आजकाल होनिंग कारखान्यातच बरंच गुळगुळीत करून येतं, त्यामुळे दोन्ही टोकांचं नुकसान जुन्या गाड्यांएवढं होत नाही. मागच्या काचेवर ‘रनिंग इन’ लिहून फिरायचे दिवस गेले. पण मधला मार्ग फुकट आहे, तर तो सोडायचा कशाला?

तो मार्ग असा. गाडी निदान वीस मिनिटं चाललेली हवी. कूलंटचा काटा ९० वर लवकर जातो, ऑइल मागाहून तापतं. मग मोकळ्या रस्त्यावर तिसऱ्या गियरमध्ये २००० वरून पेडल अर्ध्यापर्यंत दाबून ३५००-३८०० पर्यंत न्या, पाय पूर्ण काढा आणि ब्रेक न लावता गाडी इंजिनवरच २००० पर्यंत येऊ द्या. पाय काढल्यावर सिलिंडरमध्ये पोकळी तयार होते आणि रिंगांच्या बाजूने थोडं ऑइल वर ओढलं जातं. झिजलेले बारीक कण धुऊन निघतात, रिंगा थंडही होतात. असे दहा-बारा फेरे, मध्ये पाच मिनिटं साधं चालवणं. पहिल्या हजार किलोमीटरमध्ये असं चार-पाच वेळा झालं तरी पुरे.

मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे या कामासाठी सर्वात निरुपयोगी. सातव्या गियरमध्ये शंभरला काटा दोन हजारांच्या आसपास चिकटून बसतो आणि दीड तास हलत नाही. भरीला या इंजिनात लोड कमी असताना मधले दोन सिलिंडर, क्रमांक २ आणि ३, बंद होतात. एकसुरी क्रूझिंगमध्ये ते नुसते फिरत राहतात. त्याने काही बिघडत नाही, पण रिंगा बसवायच्या काळात ते किलोमीटर जमेला धरू नका. ताम्हिणीसारखा घाट कितीतरी बरा. चढताना तिसरा, उतरताना दुसरा-तिसरा. लोड सारखा बदलतो आणि उतारावर इंजिन ब्रेकिंग आपोआप होतं. फक्त पहिले २००-३०० किमी घाटात जाऊ नका. ब्रेक पॅड तोवर डिस्कशी जुळलेले नसतात आणि टायरला पकड यायला ५०० किमी लागतात. पॅड बसवायला ६० वरून २० पर्यंत मध्यम जोराने आठ-दहा ब्रेक, प्रत्येकाच्या मध्ये अर्धा-पाऊण किलोमीटर हवा लागू द्यायची. गाडी पूर्ण थांबवून पेडल दाबून धरायचं नाही. तापलेला पॅड डिस्कवर एकाच जागी ठसा सोडतो आणि पुढे ऐंशीच्या वर ब्रेक लावला की स्टीअरिंग थरथरतं. मग लोक अलाइनमेंटवाल्याकडे खेटे घालतात.

ऑइलबद्दल मॅन्युअल स्पष्ट आहे. हजार किलोमीटरला अर्ध्या लिटरपर्यंत खप चालतो आणि पहिल्या ५००० किमीत तो जास्त असू शकतो. या गाडीत ३००० पर्यंत पातळी साधारण ३०० मिली उतरली, नंतर जवळजवळ स्थिर. डिपस्टिक दर ५०० किमीला, सकाळी, सपाट पार्किंगमध्ये, इंजिन सुरू करण्याआधी बघावी. पातळी उतरली की काळजी करणारे भेटतात, चढली की कुणीच करत नाही. कोथरूड-डेक्कन अशा चार-पाच किलोमीटरच्या फेऱ्यांत ऑइल तापतच नाही. भिंतीवरून खाली आलेलं पेट्रोल त्यात मिसळतं आणि पातळी वर सरकते. कांडी नाकाशी धरली की पेट्रोलचा वास येतो. अशा वेळी आठवड्यातून एकदा अर्धा-पाऊण तास हायवेला सलग चालवलं की बरंचसं उडून जातं.

कंपनीची सर्व्हिस १५,००० किमी किंवा एका वर्षाने. ट्यूनिंग करायचंच असेल तर एवढं थांबू नका. पहिलं ऑइल आणि फिल्टर १५०० ते २००० किमीला बदला. सुरुवातीची झीज आणि जोडणीत उरलेलं सीलंट याच काळात ऑइलमध्ये उतरतं. त्याहून लवकर, म्हणजे तीनशे-चारशेला बदलण्यात अर्थ नाही, झीज अजून चालूच असते. मॅन्युअलमध्ये छापलेला फोक्सवॅगनचा स्टँडर्ड क्रमांक डब्यावर आहे ना ते बघा, नुसतं ‘फुली सिंथेटिक’ वाचून घेऊ नका. एपीआय एसपी असेल तर उत्तम, त्या ग्रेडमध्ये एलएसपीआयची चाचणी समाविष्ट आहे. बिल जपून ठेवा. जुना फिल्टर कापून कागदाच्या घड्या उन्हात उघडून बघा. बारीक चंदेरी धूळ असणारच. नखाला लागतील एवढे कण दिसले तर ट्यूनिंगचा विचार तिथेच थांबवून गाडी वॉरंटीत दाखवा.

पुढच्या किलोमीटरांचा अनुभव थोडक्यात. तीन हजारांनंतर इंजिन मोकळं झाल्याचं जाणवतं, विशेषतः ३५०० च्या वर. मायलेज सहा हजारांच्या आसपास स्थिरावलं: शहरात १०-११, हायवेला १७-१८. मागे ड्रम ब्रेक आहेत, रोजच्या वापराला पुरतात, घाटात सलग उतरताना पेडल थोडं मऊ लागतं. स्पीडब्रेकरवर गाडी खालून घासेल अशी भीती वाटते, घासते त्यापेक्षा कमी.

आता स्टेज १.

बाजारातल्या फाइली (ईसीयूत भरायचं बदललेलं सॉफ्टवेअर) या इंजिनातून साधारण १८०-१९० पीएस आणि ३०० एनएमच्या वर सांगतात. इंजिन ते देतं. अडचण गियरबॉक्सची आहे. हा डीएसजी म्हणजे डीक्यू२००, कोरड्या दुहेरी क्लचचा, आणि त्याची मर्यादा २५० एनएम. म्हणजे कंपनीतून येतानाच तो काठोकाठ भरलेला आहे. कोरड्या क्लचला ऑइलची अंघोळ नाही, उष्णता जाते ती फक्त हवेत. जादा टॉर्कने क्लच घसरू लागला की प्लेट काचेसारखी होते, मग पहिला-दुसरा गियर बदलताना धक्के सुरू. म्हणून नुसती इंजिनाची फाइल घेणं चुकीचं. गियरबॉक्सच्या कंट्रोलरची फाइलही सोबत हवी, आणि टॉर्क कुठे वाढवलाय हे ट्यूनरला आरपीएमनिशी विचारा. १८०० ला ३२० एनएमचा डोंगर असलेला डायनोचा (ताकद मोजणाऱ्या यंत्राचा) कागद बघायला झकास, पण क्लच आणि एलएसपीआय दोन्हींसाठी तोच घातक. चांगली फाइल २५०० पर्यंत कंपनीच्या जवळपास राहते आणि खरी भर ४००० च्या वर घालते, जिथे मूळ गाडी दमते. सहा गियरची मॅन्युअल घेतली असेल तर तुम्ही सुखी, निदान क्लच बदलणं स्वस्तात होतं.

इथेच रन-इनचा दुसरा आणि माझ्या मते मोठा उपयोग. हे दहा महिने रिंगांपेक्षा गाडीचं मूळ रूप नोंदवून ठेवण्यासाठी आहेत. ५००० किमीनंतर व्हीसीडीएस किंवा ओबीडीइलेव्हन (ईसीयूतले आकडे वाचणारी साधनं) लावून मोकळ्या, सुरक्षित रस्त्यावर तिसऱ्या गियरमध्ये २००० ते ६००० पूर्ण पेडलच्या तीन नोंदी घ्या. शेजारी बसलेल्याने लॅपटॉप सांभाळायचा, चालवणाऱ्याने नाही. बघायचं हे: मागितलेला आणि मिळालेला बूस्ट (टर्बोचा दाब), प्रत्येक सिलिंडरचा इग्निशन रिटार्ड (ठिणगी किती अंश मागे ढकलली जाते), फ्युएल रेलचा दाब (ही सिस्टिम ३५० बारपर्यंतची आहे), आत जाणाऱ्या हवेचं तापमान. चारही सिलिंडर दोन-तीन अंश मागे जात असतील तर पेट्रोलकडे बघा. एकच सिलिंडर दर वेळी चार-पाच अंश मागे जात असेल तर प्लग किंवा कॉइल. ही खोड आधी वॉरंटीत काढून घ्यायची. फाइल चढल्यावर सापडली तर ती गाडीची की ट्यूनरची, हे कुणालाच सिद्ध करता येणार नाही.

एक नोंद जानेवारीत घ्या, एक मे महिन्यात. इंटरकूलर पाण्याचा आहे. ट्रॅफिकमधून निघाल्यावर त्याचं पाणी तापलेलं असतं आणि पूर्ण पेडलच्या पहिल्या दोन खेचींतच हवेचं तापमान झपाट्याने चढतं. युरोपातली फाइल जशीच्या तशी भरणाऱ्यांना इथेच चटका बसतो. दुसरा फरक इथेनॉलचा. ई-२० ला (वीस टक्के इथेनॉल असलेलं पेट्रोल) सुमारे आठ टक्के जास्त इंधन लागतं, ईसीयू ते फ्युएल ट्रिममध्ये (इंधनाचं प्रमाण आपोआप जुळवण्यात) भरून काढतो. ज्या फाइलने ती मोकळी जागा आधीच खाल्ली, ती कोकणातल्या साध्या पंपावर पेट्रोल भरलं की नॉक (मिश्रण अवेळी पेटल्याचे ठोके) मोजत बसते. ९५ ऑक्टेनची फाइल घ्या. १०० वाली फाइल फक्त शहर न सोडणाऱ्यांना.

वॉरंटीबाबत भ्रम नको. सर्व्हिस सेंटरचं यंत्र जोडलं की बदललेलं सॉफ्टवेअर ओळखलं जातं आणि गाडीवर टीडी१ ची खूण (सॉफ्टवेअर बदलल्याची कंपनीची नोंद) बसू शकते. मूळ फाइल परत भरली तरी फ्लॅशचा (सॉफ्टवेअर भरण्याचा) काउंटर पुढेच गेलेला असतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतल्या तपशिलाशी विसंगत बदल चालत नाहीत. विमा कंपनीला न सांगता केलेला बदल मोठ्या क्लेमच्या वेळी उकरला जातो. डाउनपाइपमधलं कॅटलिटिक (धूर शुद्ध करणारा भाग) काढायचा सल्ला कुणी दिला तर त्या दुकानातून चहा पिऊन निघावं.

पैसे आधी कुठे घालावेत, तर पुढचे पॅड, ताजं डॉट ४ ब्रेक फ्लुइड आणि २०५/५५ आर१६ मध्येच चांगले टायर. ड्रॉप-इन एअर फिल्टरने मूळ टर्बोवर आवाज वाढतो, ताकद जवळजवळ नाही. रस्त्याचं काम चालू असलेल्या धुळीत कागदाचाच बरा.

१५,००० ची सर्व्हिस, नवे प्लग, ताजं ऑइल, पुन्हा तीन नोंदी, आणि मगच फ्लॅश, असा क्रम ठेवलाय. फ्लॅशनंतर गियरबॉक्सचं अ‍ॅडाप्टेशन (क्लचची नव्याने जुळवणी) त्याच दिवशी करून घ्यायचं. पहिले ५०० किमी पूर्ण पेडल नाही, आणि डिपस्टिक पुन्हा दर शनिवारी सकाळी.