पेप्टाइडच्या नॅनोनळ्यांसाठी देशी सिरिंज पंप : दाखवण्यास उत्तम, मोजण्यास अपुरा

पाण्यात आपोआप जुळून तयार झालेले पेप्टाइडचे (अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्यांचे) तंतू आणि नळ्या प्रवाहात दिशा कशी धरतात, हे पदव्युत्तर विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष दाखवता यावे म्हणून आमच्या जळगावच्या प्रयोगशाळेने तीस हजार रुपयांच्या आतला एक देशी सिरिंज पंप, म्हणजे सिरिंजचा दट्ट्या मोटरने ठरावीक वेगाने ढकलणारे यंत्र, घेतला. तो घेण्याजोगा आहे की नाही, हे बऱ्याच अंशी आपले तंतू किती लांब आहेत यावर ठरते.

आम्ही वापरतो ते डायफिनाइलअलानिन, म्हणजे केवळ दोन अमिनो आम्लांचे पेप्टाइड. त्याच्या नॅनोनळ्यांचा साचा करून त्यात चांदीच्या तारा घडवण्याचे काम मेइताल रेचेस आणि एहुद गाझित या इस्रायली संशोधकांनी २००३ साली प्रसिद्ध केले. त्यांच्या पद्धतीतला फ्लुओरिनयुक्त द्रावक ६० अंशांच्या आतच उकळतो, आणि खानदेशच्या मे महिन्यात तो हाताळणे नकोसे वाटते. म्हणून आम्ही पेप्टाइड गरम पाण्यात विरघळवून सावकाश थंड करतो. हे द्रावण पंपाने एका चपट्या काचनळीतून सोडायचे आणि ती नळी एकमेकांना काटकोनात लावलेल्या दोन पोलरायझरांच्या (एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश जाऊ देणाऱ्या चकत्यांच्या) मध्ये ४५ अंशांत तिरपी ठेवायची. पंप सुरू होताच पेप्टाइडच्या नळ्या प्रवाहाच्या दिशेने लागतात, प्रकाशाच्या कंपनाची दिशा बदलतात आणि अंधारलेली काचनळी उजळते. काचनळी फिरवून एका पोलरायझरच्या दिशेला आणली की ती पुन्हा काळवंडते, आणि हा उजेड गढूळपणाचा नसून दिशेचा आहे याची खात्री पटते.

पाटाच्या पाण्यात पडलेल्या पऱ्हाट्या जशा धारेला लागतात, तशाच या नळ्याही लागतात. मात्र एवढ्या सूक्ष्म वस्तूंना पाण्याचे रेणू सतत धक्के देऊन पुन्हा विस्कटत असतात. त्यामुळे शिअर रेट, म्हणजे लगतच्या थरांच्या वेगांत अंतरागणिक पडणारा फरक, या विस्कटण्याच्या वेगापेक्षा बराच मोठा असावा लागतो. एक मिलिमीटर व्यासाच्या गोल नळीत मिनिटाला एक मिलिलिटर पाणी वाहिले, तर भिंतीजवळ हा दर सेकंदाला सुमारे १७० येतो, मध्यरेषेवर मात्र शून्य. एक मायक्रोमीटर लांब आणि दहा नॅनोमीटर जाड तंतूला तेवढा दर पुरतो. प्रवाह दहापट कमी केला तर जेमतेम.

पंपाची खरी परीक्षा इथे होते. बाहेर पडलेले पाणी वजन करून पाहिले तर सरासरी प्रवाह बिनचूक भरतो, त्याबद्दल तक्रार नाही. पण मंद गतीवर स्टेपर मोटर टप्प्याटप्प्याने ढकलते आणि प्लास्टिकच्या सिरिंजचा दट्ट्या मध्येच अडून सुटतो. दहा मायक्रोमीटर लांबीच्या नळ्यांची दिशा विस्कटायला काही सेकंद लागतात, म्हणून त्यांच्यात हे हिसके दिसतच नाहीत. एक मायक्रोमीटरचा तंतू मात्र सेकंदाच्या शंभराव्या भागात दिशा विसरतो, आणि उजेड लुकलुकू लागतो. काचेच्या सिरिंजने हा दोष बराच कमी होतो. मऊ सिलिकॉन नळी जोडली तर हिसके आणखी दबतात, पण प्रवाह स्थिर व्हायला वेळ लागतो. लांब नळ्यांची अडचण वेगळी : आडव्या सिरिंजमध्ये त्या तळाशी बसतात आणि पुढे पातळ द्रावणच जाते. पंप उभा ठेवण्याची सोय दिली असती तर ही गैरसोय टळली असती.

सिरिंजला तापमान राखणारे वेष्टन नाही, हीदेखील इथे मोठी उणीव आहे. २५ अंशांना पाण्याची श्यानता (वाहण्याला होणारा अंतर्गत विरोध) ०.८९ मिलिपास्कल-सेकंद असते, ४० अंशांना ०.६५, म्हणजे तेवढ्याच लांबीचे तंतू जवळपास दीडपट वेगाने विस्कटतात, आणि सकाळचे वाचन दुपारच्या वाचनाशी जुळत नाही. शिवाय वीज गेली की पंप भरलेले आकडे विसरतो, त्यामुळे इन्व्हर्टर लागतोच.

दिशा आकड्यांत मोजायची असेल, तर दोन समाक्ष दंडगोलांमधील फटीत द्रावण फिरवणारे उपकरण आणि त्यातून क्ष-किरण कसे विखुरतात हे पाहण्याची सोय हवी. त्या कामाला हा पंप नाही. वर्गात दाखवण्यासाठी मात्र मी तो निःसंकोच सुचवेन. सोबतच्या पुस्तिकेत देशी प्लास्टिक सिरिंजचे अंतर्व्यास दिलेले नाहीत, ते व्हर्नियरने स्वतः मोजून भरावे लागतात.