नव्या घराचं अंगण: कृत्रिम हिरवळ की खरी लॉन?
नव्या बांधकामाभोवतीची माती यंत्रांनी दाबलेली असते, म्हणून पाणी मुरत नाही. खरी लॉन हवी तर वरची 15-20 सेंमी माती मोकळी करून कंपोस्ट मिसळा. मुळं धरेपर्यंत चिखल सोसावा लागतो.

कृत्रिम हिरवळ लगेच कोरडी दिसते. पण निचरा तिच्या खालचा थर करतो: जिओटेक्स्टाइल (पाणी जाऊ देणारं, माती अडवणारं कापड), त्यावर 8-10 सेंमी दाबलेली खडी, घरापासून दूर 1-2 टक्के उतार. खडीऐवजी नुसती कच (दगडाची बारीक भुकटी) टाकली की थर गच्च बसतो आणि पाणी पुन्हा वर. खाली चिकणमाती असेल तर खडीत छिद्रांचा पाइपही हवा, तोंड बाहेर काढलेला. भराव बसण्याआधी अंथरली तर खळगे पडतात, तिथेच डबकी होतात.

कडक उन्हात कृत्रिम हिरवळ चटके देते. गवत न धरणाऱ्या सावलीच्या कोपऱ्यात जरूर घाला. उघड्या अंगणात लॉनच बरी.