क्वाइकच्या नावाने आलेली पुडी

अमेरिकेतल्या ऑस्टिनमध्ये उन्हाळ्यात गॅरेजचं तापमान सहज ३५ अंशांच्या वर जातं. एल प्रकारच्या बिअरच्या नेहमीच्या यीस्टला २० अंशांच्या आसपासची हवा लागते, म्हणून घरी बिअर करणारे आमच्यासारखे लोक नॉर्वेच्या क्वाइककडे वळतात. पश्चिम नॉर्वेतल्या शेतकऱ्यांनी पिढ्यानपिढ्या सांभाळलेलं हे यीस्ट ४० अंशांच्या जवळही नीट काम करतं. व्हॉस भागातलं असेल तर बिअरला संत्र्याचा वास येतो. ज्युनिपर या सदाहरित झुडपाच्या डहाळ्या उकळलेलं पाणी आणि आपलं आमसूल घालून ही बिअर करायची मला फार इच्छा होती.

एका ऑनलाइन विक्रेत्याकडे "व्हॉसच्या शेतावरचं शंभर वर्षांचं अस्सल क्वाइक" होतं, सोबत ज्युनिपरची जुडी, किंमत ६० डॉलर. यीस्ट वाळवायच्या लाकडी कड्याचा सुंदर फोटोही होता. तो फोटो दुसऱ्याच माणसाच्या लेखातून उचललेला निघाला, हे नंतर कळलं.

पुडीत एकसारखे बारीक दाणे होते, पावाच्या यीस्टचे असतात तसे. घरी वाळवलेलं क्वाइक पातळ, वेड्यावाकड्या कपच्यांचं असतं, पापडाच्या चुऱ्यासारखं. विचारल्यावर विक्रेता म्हणाला, "आम्ही दळून देतो."

वर्ट, म्हणजे बिअरसाठी केलेलं माल्टचं गोड पाणी, ३७ अंशांवर आणून यीस्ट टाकलं. क्वाइक काही तासांतच फसफसू लागतं आणि बहुतेकदा दोन-चार दिवसांत काम संपवतं. इथे हायड्रोमीटर (साखर किती उरली ते दाखवणारं उपकरण) १.०३० वर अडकला, म्हणजे बरीच साखर तशीच राहिली, आणि आंबवायच्या भांड्यातून लवंगेचा वास यायला लागला. कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये तपासलेल्या बहुतेक क्वाइकमध्ये हा वास तयार करण्याची क्षमताच नव्हती. म्हणजे पुडीत क्वाइक असण्याची शक्यता जवळजवळ संपली.

खरी फसवणूक इथून पुढे झाली. विक्रेता अतिशय गोड बोलायचा: "जुनं कल्चर आहे, जागं व्हायला वेळ लागतो, आणखी आठवडाभर थांबा." मग पुन्हा आठवडाभर. त्या संकेतस्थळाची तक्रारीची मुदत उलटली आणि उत्तरं बंद झाली. या यीस्टची सगळी कीर्ती वेगासाठी आहे. ते विकणारा कुणी थांबायला सांगू लागला, तर त्याच दिवशी तक्रार नोंदवा.

डहाळ्यांचा मला जास्त राग आला. खाण्यापिण्यात वापरतात त्या ज्युनिपरची पानं सुईसारखी टोकदार असतात, प्रत्येक पेरावर तीन-तीन. जुडीतली पानं खवल्यांसारखी काडीला चिकटलेली होती. अशा पानांच्या ज्युनिपरमध्ये सॅविनसारखी विषारी जातही असते. मी जुडी न उकळता फेकली, पण ती घेणाऱ्या प्रत्येकाला हा फरक माहीत असेलच असं नाही.

हा विक्रेता भारतातही पार्सल पाठवायला तयार होता. अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने घरगुती बिअरला संघीय परवानगी मिळाली. महाराष्ट्रात मात्र परवान्याशिवाय ती करणं दारूबंदी कायद्याने गुन्हा आहे. त्याबद्दल त्याच्या जाहिरातीत अक्षरही नव्हतं.

पैसे शेवटी क्रेडिट कार्डाच्या बँकेकडून मिळाले. इथे हरकत घ्यायला बिल पाठवल्यापासून ६० दिवस मिळतात. पुडीचे फोटो, हायड्रोमीटरच्या नोंदी आणि "थांबा" म्हणणारे त्याचे सगळे ईमेल मी दाव्याला जोडले होते.