म्हापशातला एमएसीडीचा रविवारचा वर्ग

एमएसीडी म्हणजे शेअरच्या भावाचा कल नि दम दाखवणारं साधन. वर्गात त्याचा पाया पक्का करून घेतात. १२ दिवसांच्या ईएमएमधून (ताज्या भावांना जास्त वजन देणारी सरासरी) २६ दिवसांचा वजा केला की एमएसीडी रेषा. तिचाच ९ दिवसांचा ईएमए म्हणजे सिग्नल. फळ्यावर आकडे मांडतात: ४१२ वजा ४०५, रेषा ७, सिग्नल ५, दोन्हींतला फरक म्हणजे हिस्टोग्रामची दांडी २. उद्या दांडी १ वर आली तर भाव चढता असूनही दम ओसरतोय. हा भाग झकास.

खोट पुढे आहे. शेअर आडवा रेंगाळला की चतुर्थीच्या बाजारासारखी क्रॉसओव्हरची (रेषा सिग्नलला छेदण्याची) गर्दी होते, बहुतेक फसवे. त्यावर जेमतेम पाच मिनिटं! शून्यरेषेच्या वर झालेलाच खरेदीचा क्रॉस (रेषा सिग्नलच्या वर जाते तो) धरावा, चार्टवरची त्या दिवसाची कँडल बंद होईपर्यंत थांबावं, एवढं तरी सांगायचं. शिवाय ₹५० आणि ₹५,००० चे शेअर एमएसीडीने तोलायला लावतात. तो रुपयांत असतो. तुलनेला पीपीओ, म्हणजे हाच फरक टक्केवारीत मांडणारं साधन, लागतो.