ईएसआर मीटर: सात-आठ महिने वापरल्यावर

सात-आठ महिने झाले हा ईएसआर मीटर, म्हणजे कपॅसिटरचा (चार्ज साठवणारा भाग) आतला रेझिस्टन्स मोजणारा मीटर, टेबलावर आहे, म्हणून लिहितोय. आधी माझी पद्धत साधी, डोकं फुगलेलं दिसलं की कपॅसिटर बदल, नाहीतर काढून मल्टीमीटरवर कपॅसिटन्स बघ, आणि यातच गंडायचो.

एका मॉनिटरचा पॉवर सप्लाय, थंडीत सकाळी चालूच व्हायचा नाही, नुसती टिकटिक, हेअर ड्रायरने जरा गरम केला की सुरू. पीडब्ल्यूएम आयसीच्या (पॉवर सप्लाय चालवणारी चिप) सप्लायवरचा ४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर दिसायला एकदम नवा, मल्टीमीटर ४१ दाखवतोय म्हणजे टॉलरन्समध्येच (चालेल एवढ्या फरकात), आणि ह्या मीटरवर बघतो तर १४ ओहम! एकाच्या आत यायला हवं होतं. आतलं इलेक्ट्रोलाइट सुकलं की रेझिस्टन्स आधी चढतो, मल्टीमीटर अगदी कमी फ्रिक्वेन्सीला मोजतो त्यामुळे त्याला पत्ताच लागत नाही, हा मोजतो १०० किलोहर्ट्झला.

सगळ्यात आवडलं ते म्हणजे सोल्डर न काढता बोर्डवरच चेक होतं, टेस्ट व्होल्टेज इतकं कमी की आजूबाजूचे डायोड-ट्रान्झिस्टर चालूच होत नाहीत. फक्त दोन कपॅसिटर पॅरलल असले तर चांगला वाईटाला झाकतो, तिथे एक पाय उचलावाच लागतो.

आता तक्रार, खरं तर चूक माझीच. एका बोर्डवर ०.०० आलं, मी खूश, पुढे गेलो आणि दोन तास भलतीकडेच शोधत बसलो. तो कपॅसिटर पूर्ण शॉर्ट होता! शॉर्ट म्हणजे मीटरच्या दृष्टीने उत्तमच की हो. तेव्हापासून आधी मल्टीमीटरने ओहम बघतो, मगच हा. लीकेजही (कपॅसिटरमधून झिरपणारा करंट) हा सांगत नाही, त्यासाठी कपॅसिटर काढून त्याच्या रेटेड व्होल्टेजवर तपासायचा.

१ मायक्रोफॅरडवाल्याला दोन-तीन ओहम आले तर घाबरू नका, लहान व्हॅल्यूला तेवढे येतात, १००० वाल्याला आले तर मात्र फेका.

आणि मेन्स फिल्टरचा मोठा कपॅसिटर डिस्चार्ज केल्याशिवाय प्रोब लावायचा नाही, २३० व्होल्टवर तिथे सव्वातीनशे डीसी असतात. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडू नका, मी २.२ किलोओहम ५ वॉटचा रेझिस्टर वायरला जोडून ठेवलाय, थोडा वेळ धरायचा आणि मग व्होल्ट मोजून खात्री करायची. मीटरचे प्रोब मात्र एकदा बदलावे लागले, टोकं बोथट झाली होती आणि शून्य सेट केलं तरी रीडिंग हलायचं.