मागचे एक्सल कापावेत, डिस्क फिरवावी, की मिनी ट्रॅक्टर घ्यावा?

जळगाव जिल्ह्यात रावेर-यावलकडे पाच फुटांवर लावलेल्या केळीत मोठा ट्रॅक्टर शिरत नाही, म्हणून त्याचे मागचे एक्सल आखूड करून घेण्याचा विचार मनात येणे स्वाभाविक आहे. मात्र वर्कशॉप गाठण्याआधी टेप घेऊन मोजावे.

माझ्या 45 एचपीच्या ट्रॅक्टरची डिस्क, म्हणजे मागच्या चाकाची मधली तबकडी, पूर्ण आत घेतली, की मागच्या दोन टायरांच्या मध्यांतले अंतर 52 इंच भरते आणि टायर 13.6 इंची असल्यामुळे बाहेरून एकूण रुंदी 65.6 इंच होते. दोन्ही बाजूंनी चार-चार इंच एक्सल कापले, तरी ती 57.6 इंच उरते. म्हणजे 60 इंचांच्या ओळीत प्रत्येक बाजूला सव्वा इंचही सुटत नाही, आणि केळीच्या बुंध्याची जाडी त्याहून कितीतरी अधिक असते.

कपाशीचे गणित वेगळे आहे. ओळी चार फुटांवर असतील आणि एक ओळ पोटाखाली घेतली, तर याच 52 इंचांवर टायरची आतली कड त्या ओळीपासून 19 इंचांवर आणि बाहेरची कड शेजारच्या ओळीपासून 15 इंचांवर राहते, त्यामुळे कोळपणी निर्धास्त करता येते. पुढे झाड वाढून पोटाला लागते तेव्हा अडचण उंचीची असते आणि ती एक्सल कापून सुटत नाही. डिस्क व रिम उलटसुलट बसवून अंतर साधारण चार-चार इंचांनी बदलता येते. त्यासाठी जॅक, पाना आणि अर्धा दिवस पुरतो, आणि मन बदलले तर चाके पुन्हा पूर्ववत होतात.

कापलेला एक्सल परत वाढत नाही. एक्सलच्या शाफ्टला, म्हणजे चाक फिरवणाऱ्या दांड्याला, दाते असतात आणि त्यांना कारखान्यात उष्णतेने कडकपणा दिलेला असतो. कापून नवे दाते पाडले, की तो जातो, आणि सांधून वेल्ड केले तर वेल्डच्या कडेला पोलाद ठिसूळ होते. असा तुटलेला एक शाफ्ट मी हातात घेऊन पाहिला आहे: कडेकडून आत शिंपल्यासारख्या गुळगुळीत रेषा सरकत गेलेल्या आणि शेवटी उरलेला भाग खडबडीत, करडा. चीर कित्येक दिवस वाढत होती आणि चालवणाऱ्याला तिचा पत्ता नव्हता. शाफ्टसोबत त्याच्याभोवतीचे बिडाचे हाऊसिंगही (कवचही) आखूड करावे लागते, आणि बिडाचे वेल्डिंग बेअरिंगच्या रेषेत बसवणे फार अवघड काम आहे.

सर्वांत मोठी काळजी धुऱ्यावरची (बांधावरची) आहे. भारमध्य जमिनीपासून 30 इंचांवर धरला, तर चाकांतले अंतर 52 इंच असताना ट्रॅक्टर कडेला उलटण्याचा कोन सुमारे 41 अंश येतो, तर एक्सल कापून उरलेल्या 44 इंचांवर तो 36 अंशांवर उतरतो. पुढचा एक्सल मध्यावर झुलता असल्यामुळे प्रत्यक्षातली मर्यादा याहूनही कमी असते. शिवाय मूळ रचनेत असा बदल मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 च्या कक्षेत येतो, आणि अपघातानंतर विम्याच्या दाव्यात हाच मुद्दा निघू शकतो.

म्हणून पाच फुटांच्या केळीसाठी साडेतीन फुटांच्या आसपास रुंदीचा मिनी ट्रॅक्टर विकत किंवा भाड्याने घ्यावा आणि खोल नांगरटीसाठी मोठा ट्रॅक्टर जसाच्या तसा ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. तरीही एक्सल आखूडच हवे असतील, तर त्याच मॉडेलसाठी कंपनीने बनवलेली कमी रुंदीची शाफ्ट-हाऊसिंगची जोडी मिळते का, हे आधी विचारावे. ती मिळत नसेल, तर करवतीला हात लावू नये.